जुन्या मशीनवरचा कर

गाव सोडलं त्या दिवशी माझी बॅग आडत दुकानाच्या काट्यावर मोजली गेली. विमानात तेवीस किलोच नेता येतात, एक किलो जास्त झाला तर पैसे पडतात, असं एजंटनं दहा वेळा बजावलं होतं. आणि पालमात माझ्या वडिलांचा, नानांचा, विश्वास बसेल असा काटा तो एकच. ज्या काट्यावर एरवी सोयाबीनची पोती चढतात, त्यावर माझी लाल बॅग ठेवली. हमाल, मुनीम, समोरचा चहावाला, सगळे आकडा बघायला जमले. बत्तीस किलो. नानांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तरी बत्तीसच.

बॅग तिथेच उघडावी लागली. कपड्यांच्या तळाशी, चादरीत गुंडाळून, आईनं स्वतःची शिलाई मशीन घातली होती. खालचं लाकूड काढून टाकलेलं, नुसती काळी मशीन आणि फिरवायची मूठ. आई म्हणाली, "तिकडं तुला कोन शिवून देणार हाय?" चारचौघांत हसू झालं. मला लाज वाटली, ते खरं सांगते. जर्मनीला नर्स म्हणून निघालेली मुलगी, आणि तिच्या बॅगेतून आडत दुकानात निघते आईची जुनी मशीन.

नानांनी मशीन उचलून बाजूला ठेवली. आईनं पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दोन वर्सांनी येशील तवा हितंच हाय तुजी मशीन." मग परभणीची एस.टी. आली, परभणीहून रात्रीची गाडी, हैदराबाद, विमान. रस्ताभर बाकी सगळ्यांचं बोलणं विसरले, पण आईचं ते वाक्य बरोबर आलं. त्याला वजन नव्हतं म्हणून असेल.

आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. नाना पंचायत समितीत कारकून होते. आता निवृत्त आहेत, पण अर्ज भरून घ्यायला माणसं अजून आमच्याच ओसरीवर येतात. रकाना चुकला तर नाना खाडाखोड करू देत नाहीत, नवा कागद घ्यायला लावतात. आई ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. नानांच्या पगारात घर चालायचं आणि आईच्या मशीनवर आम्ही शिकलो. ती मशीन माझ्या मामांनी, आईच्या दादांनी, राखीच्या ओवाळणीत आईला नवीकोरी दिली होती, हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. मामा राणीसावरगावचे. दोन एकर कोरडवाहू, आणि दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. अशा भावानं बहिणीला नवी मशीन दिली, याचा आईला केवढा अभिमान. पाहुणे आले की मशीनवरचं कापड काढून ती दाखवायची.

आमच्याकडे जुनी वस्तू लोक घेत नाहीत असं नाही. घेतात, पण बोभाटा करत नाहीत. जुनी मोटारसायकल घेतली तरी तिला हार घालून, नारळ फोडून गल्लीतून अशी आणतात की शोरूममधूनच निघाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि बहिणीला किंवा लेकीला तर जुनं काही द्यायचंच नाही, हा पक्का रिवाज. स्वतःचं फाटलेलं लुगडं दंड घालून नेसतील, पण लेकीच्या हातात नवाच खण ठेवतील.

इथे आल्यावर माझा पहिला धक्का हाच होता. मी एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात काम करते. पहिल्याच आठवड्यात सोबतच्या नर्सनं मला कोट घ्यायला नेलं ते वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात. डॉक्टरीणबाई तिथेच, शाळेच्या मास्तरीणबाई तिथेच, आणि घेतलेलं जुनं जाकीट एकमेकींना कौतुकानं दाखवायलेत. माझा कोट, सायकल, किटली, पांघरूण, सगळं त्या दुकानातलं. कुणाच्या तरी अंगाला लागलेला कोट घालून मी आरशात बघितलं तेव्हा आधी आईची आठवण झाली. फोनवर तिला म्हटलं, नवा घेतला.

त्या दुकानाच्या गल्ल्यावर हेल्गा नावाच्या वयस्कर बाई बसतात. एकदा पावती बघताना माझ्या लक्षात आलं, इतर दुकानांत कराचा आकडा वेगळा छापतात, इथे तो रकानाच नाही. कारकुनाची लेक मी, विचारल्याशिवाय राहवेना. हेल्गाबाईंनी गिऱ्हाईक थांबवून मला समजावून सांगितलं. हा कोट कोणीतरी नवा घेतला तेव्हा त्यावर पूर्ण कर भरला. मग त्या माणसाकडून त्यांनी तो दहाला घेतला, मला पंधराला विकला. तर सरकारला कर द्यायचा तो फक्त मधल्या पाचावर. अख्ख्या पंधरावर लावला तर एकाच कोटावर दोनदा कर बसेल.

मी त्या रविवारी फोनवर ही नवलाई नानांना सांगितली. नाना हसले. "आपल्याकडं बी तसंच हाय, माय. स्टँडजवळ जुन्या गाड्या इकतो ना तो, त्याला मीच तर समजून सांगितलं. खरेदीवरच्या कराची सूट घेतली नसंल तर खरेदी-इक्रीच्या फरकावरच जीएसटी. आन् घरगुती मानसानं घरगुती मानसाला जुनी वस्तू इकली, तर कायच न्हाई. तो काय धंदा करायलाय का?" दोन देशांचा कायदा एका फोनवर जुळला म्हणून आम्ही दोघंही खूश. जुन्या वस्तूनं आपला कर नवी असतानाच भरलेला असतो, हे माझं पक्कं झालं. अर्धवट ज्ञान असं पक्कं झालं की मग माणूस तोंडावर आपटतो.

त्याच फोनवर मी आईला सहज म्हणाले होते, की इथे पँटची लांबी कमी करायला पँटीएवढेच पैसे घेतात. इथल्या बायका उंच, मी पाच फूट. दुकानात मिळणाऱ्या सगळ्या पँटा मला दुमडून घालाव्या लागतात. आई "हूं" म्हणाली. विषय संपला, असं मला वाटलं.

दीड-दोन महिन्यांनी पेटीत पत्र आलं. तुमच्या नावे भारतातून पार्सल आलं आहे, ते कस्टमच्या ऑफिसात अडवून ठेवलं आहे, बिल घेऊन या. इथे कस्टमला त्सोल म्हणतात. माझ्या सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं पलीकडच्या गावी गेले. टेबलापलीकडे एक पन्नाशीचे अधिकारी होते, नाकावर चष्मा, बोलणं हळू. त्यांनी पार्सल माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्याच हातात कात्री दिली. तिथला नियम तसा आहे, ज्याचं पार्सल त्यानं उघडायचं.

पार्सल पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं होतं. ते बघूनच मला कळलं आत काय असणार. एवढ्या बारीक टाक्याचं हातशिलाईचं काम आईचंच. ज्या मशीनवर तिनं आयुष्यभर शिवलं, तिला गुंडाळायचं कापड मात्र तिला हातानं शिवावं लागलं होतं. मी एकेक टाका कापत होते. दोन वर्षांनी येशील तेव्हा इथंच आहे तुझी मशीन, असं म्हणाली होती ना? मला येऊन तर दहाच महिने झाले होते. म्हणजे मी परत येत नाही, असं घरच्यांनी धरलं.

अधिकाऱ्यांनी पार्सलवरचा कागद वाचला. नानांचं अक्षर, सगळे रकाने सुबक भरलेले. भेटवस्तू, बरोबर खूण. वस्तू, शिलाई मशीन. आणि पुढे ठळक अक्षरांत, नवीन. किंमतीच्या रकान्यात परभणीच्या दुकानातल्या सगळ्यात भारी मशीनची किंमत. अधिकाऱ्यांनी त्यावरून आयात शुल्क आणि कर मिळून जो आकडा सांगितला, त्यात माझा दोन आठवड्यांचा किराणा झाला असता.

मी म्हणाले, ही जुनी आहे. आणि लगेच हेल्गाबाईंकडून शिकलेलं सगळं ऐकवलं, की जुन्या वस्तूचा कर नवी असतानाच भरलेला असतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती सोय देशातल्या देशात विकणाऱ्या दुकानदाराची. तुमच्या मशीननं कर भरला असेल तर तुमच्या देशात भरला, आम्हाला नाही. सरहद्द ओलांडली की वस्तू जुनी आहे म्हणून सुटत नाही. जुनी असेल तर किंमत कमी धरतात, एवढंच. भेट असेल तर लहानशा रकमेपर्यंत माफ असतं, पण त्याच्या वर गेली की पूर्ण वस्तूवर लागतं. आणि मुख्य म्हणजे हा कागद नवीन म्हणतो, तुम्ही जुनी म्हणता. दोघांतलं खरं कोण?

माझे कान तापले. साऱ्या तालुक्याचे अर्ज बिनचूक भरणाऱ्या माणसाचा कागद इथे टेबलावर होता, आणि तो खोटा आहे हे मला, त्याच्या लेकीला, सिद्ध करायचं होतं. वस्तू जुनी आहे हे दाखवायला मी मशीन उलटी केली. रंग चकचकीत होता, आईनं तेलपाणी करून ती आरशासारखी पुसली होती. नेमकं नको तेव्हा. पण मशीनच्या खालच्या कडेला कापडाची एक पट्टी चिकटवलेली होती, ती माझ्या ओळखीची. टेबलाला चरे पडू नयेत म्हणून आहे, असं आई सांगायची. कोपरा सुटला होता. मी ओढला, तर खाली पितळेची पट्टी निघाली आणि तिच्यावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात तशी.

तीन नावं होती. सगळ्यात वरचं झिजून पुसट झालेलं, युसूफ टेलर, गंगाखेड. त्याखाली आईचं, सौ. कावेरी, पालम. आणि तिसरं, अगदी परवा कोरलेलं, अजून चमकणारं. कु. अश्विनी, पालम.

अधिकाऱ्यांनी भिंग आणलं. पहिलं नाव बघून त्यांना मशीन जुनी असल्याची खात्री पटली. तिसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हणाले, माझं नाव. आणि गावाचं. ते एकदम सैल झाले. म्हणाले, मग ही मशीन तुमचीच ना? तुम्ही तिकडे असताना वापरली का? वापरली होती. परभणीला नर्सिंग शिकताना माझे युनिफॉर्म मीच हिच्यावर शिवले होते. मग एक सोपा रस्ता आहे, असं म्हणत त्यांनी दुसरा फॉर्म काढला. दुसऱ्या देशातून इथे राहायला आलेल्या माणसाचं घरचं वापरलेलं सामान पूर्ण करमाफ असतं. येण्याआधी सहा महिने तरी ते वापरात असलं पाहिजे, येऊन वर्ष व्हायच्या आत आणलं पाहिजे, आणि पुढे वर्षभर विकायचं नाही. तुम्ही सगळ्यात बसता. एक सही करा आणि घेऊन जा.

मी फॉर्म वाचायला घेतला. नानांनी लावलेली सवय, वाचल्याशिवाय सही करायची नाही. मधोमध एक प्रश्न होता. पूर्वीच्या देशातलं राहतं घर आपण सोडलं आहे का? हो किंवा नाही. सोडल्याची तारीख.

तारीख मला पाठ होती. आडत दुकान, लाल बॅग, बत्तीस किलो. पण पेन पुढे जाईना. अधिकारी वाट बघत होते. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही अवघड नव्हतं. मी म्हणाले, मला घरी विचारावं लागेल. सत्तावीस वर्षांची बाई घरी विचारते म्हणताना बघून ते जरा हसले, पण त्यांनी बुधवारपर्यंत वेळ दिला. त्यानंतर पार्सल जिथून आलं तिथे परत जाईल, म्हणाले.

शनिवारी फोन केला. नाना आणि आई दोघंही स्पीकरवर. पहिल्यांदा मी नानांवरच घसरले. नवीन का लिहिलं? मी म्हणाले, दुसऱ्याचा रकाना चुकला तर कागद फाडायला लावता तुम्ही. त्यावर ते हळूच म्हणाले, "चुकलं, माय. मला समजत न्हाई का? पोष्टातल्या बाई बी म्हनल्या, जुनी लिहा, कमी बसंल. पन लेकीला पाठवायच्या वस्तूपुढं 'जुनं' लिहायला हात धजला न्हाई बघ." माझा राग तिथेच संपला.

मग विचारलं, युसूफ टेलर कोण? नाना म्हणाले, "कोन युसूफ?" आणि आई काहीच बोलली नाही. आई बोलली नाही की समजावं, माहीत तिलाच आहे.

मामा आता नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. ते असते तर लिहिलं नसतं. आईनं सांगितलं ते असं. ऊसतोडीच्या एका हंगामात मामांनी थोडे थोडे पैसे मागे टाकले. गंगाखेडला युसूफ टेलर म्हातारपणी दुकान बंद करत होते, त्यांच्याकडून मामांनी ही मशीन घेतली. परभणीला नेऊन तिला काळा रंग मारला, वर सोनेरी रेघा काढून घेतल्या, आणि राखीला ओवाळणीत ठेवली. नवी म्हणून. बहिणीला जुनं कसं द्यायचं? आईनं दुसऱ्याच दिवशी तेल घालायला मशीन उलटी केली, तर पट्टीवर नाव. "दादाला वाटलं, मला कळलं न्हाई. म्या ठरवलं, कळलं हाय ते त्याला कवाच कळू द्यायचं न्हाई. त्या टेलरच्या नावाखाली माजं नाव घालून घेतलं न् वर चिंधी चिकटवली. तुला द्यायची ठरली तवा तुजं बी घातलं." युसूफ टेलरांचं नाव घासून का काढलं नाहीस, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, "का म्हनून? त्यांनी बी तिच्यावरच लेकरं वाढविली असतील की."

नाना मध्येच म्हणाले, "म्हंजी मी तीस वर्सं जुन्या मशीनला नवी समजायलोय?" आई म्हणाली, "तुमी कागदच बघता, खाली वाकून कवा बघितलं?" मी इकडे पोट धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामांनी आईपासून लपवलं, आईनं मामांपासून आणि नानांपासून. नानांनी तर सरळ कस्टमपासूनच. आणि जुनी म्हणून सिद्ध करायचं काम आलं माझ्या वाट्याला.

शेवटी फॉर्मचं सांगितलं. प्रश्न वाचून मराठीत समजावला. सही केली तर एक पैसा लागत नाही, हेही सांगितलं. आई लगेच म्हणाली, "मग टाक की करून सही. कागदावर लिहिल्यानं घर काय सुटतंय?" नाना म्हणाले, "फॉर्मवर खरं लिहायचं." मी विचारलं, खरं काय आहे? तुम्हीच सांगा. मशीन पाठवली म्हणजे मी परत येत नाही, असंच धरलंत ना तुम्ही?

मग आईचा आवाज आला, थोडा चिडलेला. "आता हे कुठून काडलं? पँटीच्या शिलाईला पँटीएवढे पैसे घ्यायलेत म्हनलीस, म्हनून पाठविली. तुज्या पँटा लांब हायेत का न्हाईत?"

आहेत, म्हणाले.

मागे राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता तिकडे कसं वाटतं. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विचारत नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. मंगळवारभर मी ड्यूटीवर म्हाताऱ्यांना औषधं देत तोच विचार केला. माझ्या नावाची पाटी इथल्या दारावर आहे. पगार इथे होतो, पत्रं इथे येतात, बर्फात सायकल कशी धरायची ते मला आता येतं. पालममधली माझी खोली आईनं कधीच ज्वारीच्या कोठ्यांना दिली आहे. कोणी हिशोबी माणूस म्हणेल, सोडलंच की घर. माझ्याबरोबर केरळची एक नर्स आहे, तिनं हाच फॉर्म भरून भांडीकुंडी आणली. तिनं हो लिहिलं, आणि तिच्यापुरतं ते खरं होतं. तिचं कुटुंब इथे आलं आहे. मी तिला नावं ठेवत नाही. पण माझ्यापुरतं ते खरं आहे की नाही हे मला कळत नव्हतं, आणि कळत नसलेलं खरं म्हणून सही करायची, तर मग नानांच्या "नवीन"पेक्षा माझं खोटं मोठं झालं असतं. त्यांचं निदान प्रेमानं लिहिलेलं होतं.

बुधवारी गेले आणि कोरा फॉर्म परत दिला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. मशीन माझ्या आईची आहे, तिनं मला भेट दिली आहे. जुनी आहे, आईला मिळाली तेव्हाच जुनी होती. वडिलांनी नवीन लिहिलं, कारण आमच्याकडे लेकीला जुनं देत नाहीत. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. मग अशा जुन्या मशीन इथे कितीला जातात ते त्यांनी शोधलं. इथे लोक त्या शोभेला मांडतात म्हणे, त्यामुळे किंमत निघाली ती भेटीच्या माफीपेक्षा जराशी वर. थोडक्यासाठी सुटता सुटता राहिली. कर बसला एका साध्या जेवणाएवढा.

पैसे घेताना ते म्हणाले, तो फॉर्म भरला असता तर हेही लागले नसते, माहीत आहे ना? मी म्हणाले, माहीत आहे. पावतीवर त्यांनी लिहिलं, वापरलेली शिलाई मशीन, भेट, आईकडून. मामांच्या राखीपासून आजवर जे कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते पहिल्यांदा कागदावर आलं. आणि घर सोडलं नाही म्हणून कर भरणारी पालम तालुक्यातली बहुधा मी पहिलीच.

बारा किलोची मशीन पाठीवरच्या पिशवीत घालून रेल्वेनं घरी आणली. आधी पँट. मूठ फिरवली, पहिला टाका पडला, आणि तो आवाज खोलीभर झाला. दुपारी शाळेतून आल्यावर आमच्या घरात जो आवाज असायचा तोच. मी मूठ सोडली आणि मनसोक्त रडले. मग डोळे पुसून दुसरा पाय शिवला, कारण एकच पाय आखूड करून कसं चालेल?

त्या रविवारी फोनवर नानांनी पहिला प्रश्न विचारला, "पावती दिली का?" दिली, म्हणाले. "जपून ठेव. मी परभणीला जाऊन इचारून आलोय. परदेशात दोन वर्सं राहून मानूस कायमचं परत आलं, की त्याचं घरातलं वापरलेलं सामान आपल्याकडं बी सुटतंय, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. पावती पायजे, म्हंजी तिकडून घेतलं का हितूनच गेलतं ते कळतंय. आन् सामान वापरलेलं पायजे. नुसतं ठेवलेलं चालत न्हाई." मागून आईचा आवाज आला, "तेल घाल म्हनावं."

मी परत जाणार का? मला आजही माहीत नाही. विचारू नका, मी स्वतःलाही विचारत नाही. पण माझ्या परतीचा नियम काय, हे विचारायला एक निवृत्त कारकून भर उन्हात पालमहून परभणीला एस.टी.नं जाऊन आला. ये म्हणाला नाही, कधी येतेस म्हणाला नाही, फक्त कागद तयार ठेवायला सांगितलं. घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं.

पावती मी चार घड्या घालून पितळी पट्टीवर ठेवली आहे, आणि वरून आईची चिंधी पुन्हा चिकटवली आहे. रविवारी तेल घालते. पँटा सगळ्या आखूड करून झाल्या, आता आश्रमातल्या आजीबाईंचे झगे उसवले की घरी आणते. काही नसलं तर जुन्या चादरीवर चार टाके घालते. मशीन वापरलेली दिसली पाहिजे.